मलबा उचलला तरी कडा पुन्हा तिथंच उतरतो: चुनखडीच्या खाणीतली दर पावसाळ्याची अडचण

पाऊस उघडला, मलबा उचलला, चार दिवस फेस (दगड काढायला कापलेली कड्याची उभी बाजू) छान चालला, आणि पाचव्या दिवशी पहिली पाळी सुरू व्हायच्या आत कडा पुन्हा त्याच जागी उतरलेला. यादवाड, लोकापूर, मुधोळ या पट्ट्यातल्या चुनखडीच्या खाणींत ज्यांनी दोन पावसाळे काढलेत त्यांना हे चित्र पाठ असेल. निपाणी, खानापूर, बेळगावकडची आपली बरीच पोरं तिकडं मेट (टोळीचा मुकादम), फोरमन, पोकलेन ऑपरेटर म्हणून आहेत. गणपती उठले की मला त्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न तोच असतो: "अण्णा, गेल्या वर्षीच बेंच नीट करून घेतला होता. परत तिथंच कसा काय आला?" (बेंच म्हणजे कड्याला पाडलेली पायरी.)

फोनवर मी जे पहिलं सांगतो तेच इथंही पहिलं सांगतो. मलब्याला हात लावू नका.

घसरून आलेला ढीग पायथ्याशी पडलेला असतो तेव्हा तो वर उरलेल्या दगडाला टेकू देत असतो. वरच्या दगडाखालचा थरही तितकाच तिरका आणि तितकाच ओला आहे. तो अजून खाली आला नाही, याचं एक कारण तो ढीग आहे. प्रॉडक्शनच्या घाईत आपण पोकलेन लावतो आणि सगळ्यात आधी तो टेकूच काढून घेतो. तुम्हाला वाटतं दुरुस्ती झाली. खरं तर पुढच्या घसरणीची वाट मोकळी झालेली असते.

आज काय करायचं

फेसखालची माणसं आणि मशीन मागं घ्या. मी स्वतः कड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर धरतो आणि तिथं दगडांचा बांध घालून वाट बंद करतो. नुसती लाल फीत बांधून भागत नाही. रात्रपाळीला ती दिसत नाही. हॉल रोड, म्हणजे दगडाच्या गाड्यांचा रस्ता, त्या कड्याखालून जात असेल तर तो त्याच दिवशी वळवा.

मग बाजूनं चढून कड्याच्या माथ्यावर जा आणि काठापासून मागची पंधरा-वीस मीटर जमीन पायी तपासा. तुम्ही शोधताय ती काठाला समांतर धावणारी भेग. इथं आपल्या भागात एक फसगत होते. वर काळी माती असते आणि काळ्या मातीला भेगा पडतातच. पण मातीच्या भेगा जाळीसारख्या, चहूबाजूंना फुटलेल्या असतात आणि दोन चांगले पाऊस झाले की मिटतात. घसरणीची भेग एका ओळीत धावते, भर पावसातही उघडी राहते आणि खाणीकडची बाजू बोटभर का होईना खाली बसलेली असते. ही पायरी हाताला लागली की समजा, तो सगळा तुकडा सुटलेला आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा आणि तारीख लिहा. उद्या ती खुणेच्या पुढं गेलेली दिसली तर लांबी वाढतेय हे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

तिथंच का? कारण थराचा कल तिथं खाणीकडं आहे

आपल्यापैकी बरेच जण काळ्या दगडाच्या खडीखाणींत काम शिकलेत. बेळगाव, चिकोडी, निपाणीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आडव्या थरांत पसरलेला. त्यात फेस दहा मीटर उभा कापला तरी बऱ्याचदा तसाच उभा राहतो. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा सगळ्यांनी पाहिलाय. तिथं 52 मीटरचा उभा कडा आहे तो वालुकाश्माचा, पण थर जवळजवळ आडवेच. आडव्या थरांचा दगड उभा राहतो, अशी सवय आपल्या डोळ्यांना लागलीय.

चुनखडीचं तसं नाही. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 साली दक्षिण मराठा प्रदेशाचं भूशास्त्र मांडलं, तेव्हापासून या खडकांना कलादगी हे नाव आहे. त्यातला बागलकोट गट, ज्यात आपली चुनखडी येते, 100 कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो दाबला जाऊन त्याला वळ्या पडल्यात. त्यामुळं थर तिरके आहेत, आणि एकाच खाणीत शे-दोनशे मीटरवर कल बदललेला सापडतो. चुनखडीच्या थरांमध्ये शेलचे, चिकणमातीचे पातळ पदर आहेत. कुठं बोटभर, कुठं नुसता कागदासारखा. घात हा पदर करतो.

समजा थर उत्तरेकडं 22 अंशांनी उतरतायत. तुमच्या खाणीची दक्षिण भिंत उत्तरेकडं तोंड करून उभी आहे. म्हणजे थर त्या भिंतीतून खाणीच्या दिशेनं उतरत बाहेर येतात, उतरत्या छपरावरच्या कौलांसारखे. भिंत उभी कापली की प्रत्येक कौलाची खालची कड मोकळी होते. समोरच्या उत्तर भिंतीत तेच थर भिंतीच्या आत उतरतात, म्हणून ती उभी राहते. तिथं थर खूपच उभे असले तर वेगळा धोका, पट्ट्या बाहेरच्या बाजूला कलंडण्याचा. पूर्व-पश्चिम भिंतींत दोन सांधे (दगडातल्या नैसर्गिक चिरा) एकमेकांना छेदून पाचर तयार होते आणि तेवढाच तुकडा निसटतो. एकाच खाणीच्या चार भिंतींचे चार स्वभाव, आणि आपण मात्र चारींना एकच बेंच, एकच कोन देतो.

थर थेट फेसच्या दिशेनं घसरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. थराच्या कलाची दिशा आणि फेसच्या उताराची दिशा यांत साधारण 20 अंशांच्या आत फरक. थराचा कल फेसपेक्षा कमी, म्हणजे थर फेसमधून बाहेर फुटलेला. आणि तो कल त्या पदराच्या घर्षणकोनापेक्षा (नुसत्या घर्षणावर दगड ज्या कलापर्यंत टिकून राहतो तो कोन) जास्त. यातलं पहिलं आणि दुसरं क्लिनोमीटर कंपासनं (कल आणि दिशा मोजायचं होकायंत्र) अर्ध्या तासात कळतं. हातात कंपास नसेल तर मोबाईलचाही चालतो, फक्त पोकलेनपासून लांब जाऊन मोजा, लोखंडानं सुई फिरते. दहा-पंधरा ठिकाणी मोजा. एका मोजणीवर विसंबू नका.

तिसऱ्या गोष्टीत सगळा खेळ आहे. चुनखडीवर चुनखडी घासली तर घर्षणकोन 34 ते 40 अंशांच्या घरात असतो, शेलचा 20 ते 27, आणि भिजलेल्या चिकणमातीचा त्याहूनही खाली जातो. 22 अंशांचा कल धरून हिशोब करून बघा. कोरडा, चिकटपणा सोडून दिलेला हिशोब सोपा आहे: घर्षणकोनाच्या टॅनला कलाच्या टॅननं भागायचं. कोन 35 असेल तर उत्तर 1.73 येतं, निवांत. मातीचा कोरडा पदर 25 चा धरला तर 1.15, म्हणजे काठावर पास. तोच पदर भिजून 15 वर आला तर 0.66. एकाच्या खाली म्हणजे दगड खाली यायला मोकळा. उन्हाळ्यात जो फेस तुम्ही छाती ठोकून दाखवला तोच सप्टेंबरात का उतरतो, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. फेस बदलला नाही, पदर बदलला.

या पदराची माती पिशवीत भरून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात न्या. स्थापत्य विभागाच्या मृदा प्रयोगशाळेत शिअर बॉक्स, म्हणजे माती सरकवून तिचा घर्षणकोन काढायचं यंत्र, असतोच. भिजवून चाचणी करायला सांगा, कोरड्या चाचणीचा इथं उपयोग नाही. चुनखडीची ताकद काढण्यावर लोक पैसे घालवतात आणि ज्या बोटभर मातीवर सगळा कडा उभा आहे ती मोजायची राहून जाते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पाणी

घाटाकडं, खानापूरला पाऊस जुलैत झोडपतो. पूर्वेला बागलकोटकडं एकूण पाऊस कितीतरी कमी, पण सप्टेंबरचा मोठा. त्यामुळं तिकडच्या खाणींत जून-जुलै बरे जातात, माणसं निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या भेगा भरायला लागतात.

भेगेत उभं राहिलेलं पाणी दगडाला मागून ढकलतं, आणि हा जोर खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 3 मीटर पाणी साचलं तर भेगेच्या दर मीटर लांबीला साधारण साडेचार टन रेटा. 6 मीटर साचलं तर दुप्पट नाही, चौपट: सुमारे 18 टन. शिवाय तेच पाणी पदरात शिरून दगडाला खालून उचलतं ते वेगळं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी कडा उतरतो तो यामुळं. वरचं पाणी भेगेपर्यंत झिरपायला वेळ लागतो, आणि फेसवरून बाहेर पडायची वाट मातीनं बुजलेली असते.

म्हणून गारलँड ड्रेन, म्हणजे वरचं पाणी अडवून बाहेर वळवणारा खाणीभोवतीचा चर. तो सगळेच खणतात, पण दोन चुका नेहमी होतात. एक, तो काठाच्या फार जवळ, भेगेच्या आणि खाणीच्या मधे असतो. तो भेगेच्या मागं हवा, वरच्या बाजूला. दुसरी चूक जास्त वाईट: ड्रेन कच्चा ठेवतात. काळ्या मातीत खणलेला, तळाशी फुटकी चुनखडी लागलेला कच्चा चर म्हणजे पाणी बाहेर काढायची सोय नव्हे, पाणी आत पाजायची सोय. अशा चरात दुपारी डोळ्यांदेखत पाणी आटताना मी पाहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी फेसवर पाझरत होतं. चराचा तळ पक्का करा, नाहीतर निदान जाड प्लास्टिक कागद अंथरून त्यावर माती-दगड दाबा, आणि उतार एकसारखा ठेवा. मधे डबकं राहता कामा नये. हे काम कर्नाटकी बेंदराच्या आत झालं पाहिजे. नंतर मशीन मातीत रुतते आणि मग काम दसऱ्यावर जातं. वर उघडलेली भेग चिकणमातीनं ठासून, वरून उंचवटा करून बंद करा.

आत शिरलेल्या पाण्यासाठी फेसमध्ये पाझर-भोकं मारा. जरा वरच्या दिशेनं, 5 अंशांच्या आसपास कल देऊन, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. भोक मातीच्या पदराला भेदून मागं गेलं पाहिजे. नुसत्या दगडात संपलेलं भोक कोरडंच राहतं. आत भोकाभोकाचा पीव्हीसी पाइप घाला, नाहीतर पहिल्या पावसात ते मातीनं भरतं. जागा कशी निवडायची? पाऊस गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी फेसवर ओल कुठं धरलीय ते बघा. फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात भोकं मारायला जाल तेव्हा फेस सगळीकडं सारखाच पांढरा दिसतो.

मी हे कसं शिकलो

त्या पट्ट्यातल्याच एका खाणीत मी फोरमन होतो. दक्षिण भिंत एका हंगामात तीनदा उतरली. पहिल्या दोन्ही वेळा मीच मलबा उचलायला लावला, कारण वरून विचारणा होत होती आणि मलाही वाटलं की सैल होतं ते आलं, आता पक्कं राहिलं. तिसऱ्या वेळी पोकलेनचं बूम दगडाखाली गेलं. ऑपरेटर चिकोडी तालुक्यातला, डबा खायला उतरून बांधाच्या सावलीला गेला होता म्हणून हाती लागला. त्या संध्याकाळी मी माथ्यावर चढलो तर काठापासून चार मीटरवर भेग होती, आणि तिच्यात गेल्या महिन्याचं गवत उगवलेलं. म्हणजे ती पहिल्या घसरणीच्या वेळेपासून तिथं होती. मी वर जाऊन पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या पाळीत माथा बघितल्याशिवाय खालचं मशीन सुरू झालेलं नाही.

भेग मोजणं

भेगेच्या दोन्ही बाजूंना, पक्क्या दगडात, एकेक लोखंडी खुंटी ठोका. रोज एकाच वेळी टेपनं अंतर मोजा आणि वहीत लिहा. एवढ्यावर तुम्हाला बरंच कळतं, पण नुसतं अंतर पाहू नका. रोजची वाढ पाहा, आणि एकाला त्या वाढीनं भागून येणारा आकडा कागदावर मांडा. ही पद्धत जपानी संशोधक फुकुझोनो यांनी 1985 साली मांडली आणि जगभर खाणींत वापरतात.

उदाहरण देतो. सोमवारी भेग 2 मिलिमीटर वाढली, मंगळवारी 2.5, बुधवारी 3.3, गुरुवारी 5, शुक्रवारी 10. बुधवारपर्यंत कुणाच्या डोळ्यांत काही भरणार नाही. आता उलटे आकडे मांडा: 0.5, 0.4, 0.3, 0.2, 0.1. सरळ रेषा आहे, आणि ती शनिवारी शून्याला टेकते. शून्य म्हणजे कडा उतरायची वेळ. बुधवारी संध्याकाळी तीन ठिपके जोडले तरी शनिवार दिसतो. प्रत्यक्षात रेषा इतकी सरळ येत नाही, पाऊस पडला की आकडे उड्या मारतात, म्हणून रेषा सांगते त्याच्या बऱ्याच आधी खाली सगळं थांबवायचं. पण काठी हातात घेऊन "अजून दोन दिवस चालेल" म्हणणाऱ्यासमोर ठेवायला यापेक्षा चांगला कागद माझ्याकडं नाही.

कायमचं काय करायचं

ज्या भिंतीत थर खाणीकडं उतरतात तिथं थर कापू नका. भिंत थराच्या पाठीवरूनच खाली न्या. 22 अंशांचा थर असेल तर भिंतही तितकीच निजलेली. यात चांगला दगड भिंतीत सोडावा लागतो आणि मॅनेजर लोकांना ते आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दर वर्षी तोच दगड माती मिसळून खाली येतो, क्रशरला नको असतो, आणि तो उचलण्यात महिनाभर मशीन अडकतं. तो खर्च कागदावर मांडून दाखवा. चालू फेस शक्यतो थरांच्या कलाला आडवा, म्हणजे कलाच्या दिशेशी काटकोनात पुढं न्या. मग मघाचं 20 अंशांचं गणित जुळतच नाही.

बेंचची रुंदी पडणाऱ्या दगडाला अडवण्याइतकी हवी. दगड कुठवर पडतो याच्या अभ्यासातून आलेल्या रिचीच्या सुधारित सूत्रानं उंचीच्या 0.2 पट अधिक साडेचार मीटर, म्हणजे 9 मीटर उंचीला 6.3 मीटर. नकाशात ती असते, जागेवर नसते, कारण सुरुंगानं काठ मागं खाल्लेला असतो. सुरुंगाच्या भोकांच्या शेवटच्या दोन ओळींत दारूची भरणी कमी करा आणि अंतिम भिंतीवर प्री-स्प्लिट मारा (भिंतीच्या रेषेवर जवळजवळ भोकं मारून, हलक्या भरणीनं आधीच चीर पाडायची), भोकांतलं अंतर व्यासाच्या साधारण 10 ते 12 पट. आणि जिथं खालच्या बेंचचा काठ येणार आहे तिथं वरच्या बेंचचं सबड्रिल (बेंचच्या तळाखाली जादा मारलेलं भोक) घेऊ नका. तो काठ जन्मायच्या आधीच फुटतो.

फोरमनच्या परीक्षेला आपण सगळ्यांनी पाठ केलेला 1961 च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समधला (कोळसा-तेल सोडून बाकी खाणींची नियमावली) 106 वा नियम एकदा जागेवर उभं राहून वाचा. माती-मुरमाचा उतार 45 अंशांहून जास्त नको, किंवा बेंच दीड मीटरहून उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. काठापासून 3 मीटरच्या आत झाड, सुटा दगड, राडारोडा ठेवायचा नाही. आणि फेस खालून पोखरून वर लोंबता ठेवायचा नाही. पायथ्याचा मलबा उपसताना बकेट थराखाली घुसते तेव्हा आपण नेमकं हेच करत असतो.

एक वेगळी गोष्ट: चुनखडीत पाण्यानं विरघळून झालेल्या पोकळ्या असतात, लाल मातीनं भरलेल्या. ड्रिल एकदम सैल पडतं, भोकातून लाल ओलसर चुरा येतो आणि ड्रिलर ओरडतो, "मण्णु बंतु री!" (माती आली हो!) त्या भोकाचा नंबर आणि खोली लिहून ठेवा. तिथं दारू नेहमीसारखी भरली तर दगड उडतो, आणि पोकळी अंतिम भिंतीत आली तर पावसाळ्यात पाण्याची वाट तीच होते.

आणि भिंत निजवायला जागाच नसेल? लीजची हद्द किंवा रस्ता मागं असेल? तर आधी माथ्यावरचं वजन उतरवा, वरून खाली, एकेक थर. माथ्यावर मातीचे ढीग असतील तर ते पहिल्यांदा हलवा. मग पायथ्याला मोठ्या दगडांचा भराव द्या. त्यात माती नको. पाणी निघून गेलं पाहिजे, नाहीतर भरावच धरणासारखा पाणी अडवतो. मलबा उचलायचाच असेल तर तो उन्हाळ्यात, एका टोकाकडून, थोडा थोडा, मागोमाग भराव देत.

हे सगळं करूनही भेग चालू राहिली, किंवा कड्याची उंची दोन-तीन बेंचांच्या पुढं गेली, तर स्वतःच्या अंदाजावर राहू नका, खडक-यांत्रिकीच्या जाणकाराला बोलवा. त्यांच्यासाठी एवढं तयार ठेवा: थरांच्या कलाचे दहा-पंधरा आकडे दिशेसकट, पदराच्या मातीची भिजवून केलेली चाचणी, भेगेच्या रोजच्या नोंदी, त्याच दिवसांचा पाऊस आणि ओल धरलेल्या फेसचे तारखेसह फोटो. भेग रोज वाढत असेल तर मात्र फोन वर उभं राहून करा, आणि तोही खालची शेवटची माणसं वर आल्यावर.